डाग आणि धार : प्रॉस्टेटच्या बायॉप्सीनंतरचा रक्तस्राव

साठी उलटलेल्या पुरुषास लघवीचा त्रास सुरू व्हावा, रक्ताची पी.एस.ए. नांवाची तपासणी व्हावी, तिचा आंकडा वाजवीपेक्षां वर जावा आणि डॉक्टरांनीं ‘बायॉप्सी करून पाहूं’ असें म्हणावें, कीं घरांत दोन प्रकारची भीति एकदम शिरते. एक कर्करोगाची, ती सर्वांना समजते. दुसरी त्या सुईची. कर्करोगाविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. सुईनंतर जें रक्त जातें त्याविषयीं मात्र रुग्णालयांतून निघतांना एक छापील कागद हातांत पडतो. त्यावर ‘थोडें रक्त जाणें स्वाभाविक आहे, जास्त गेल्यास कळवावें’ अशी एक ओळ असते, आणि ‘थोडें’ म्हणजे किती व ‘जास्त’ म्हणजे किती हें ठरविण्याचें काम घरच्या माणसांवर येऊन पडतें. तेंहि बहुधा रात्रीं.

मुंबई, ठाणें, पुणें येथील कितीतरी सुशिक्षित कुटुंबांतील वडील मंडळी निवृत्तीनंतर कोंकणांतील मूळ गांवीं राहतात. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यांतील कोलाड हें असेंच एक गांव. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा माहितीचा नाका. कोंकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि पुढचें पहिलें स्टेशन कोलाड. मुंबई येथून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. वडिलांना मुंबईस आणावें, बायॉप्सी करून घ्यावी, एक रात्र मुलाकडे ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं गाडींत बसवून द्यावें, असा क्रम अनेक घरांत ठरून जातो. बायॉप्सी फार तर अर्ध्या तासाची. रुग्ण बहुधा त्याच दिवशीं आपल्या पायांनीं चालत घरीं जातो. म्हणून हा क्रम कोणास चुकीचा वाटत नाहीं. परंतु रक्तस्राव व्हावयाचाच असेल तर तो वडील कोलाडला पोंचल्यावर, रात्रीं दोन वाजतां, घरांत आई एकटी असतांना होऊं शकतो. अशा वेळीं मुंबईच्या डॉक्टरांचें कौशल्य दूर राहतें, आणि उपयोगीं पडतें तें घरांतल्या माणसाला आधीं ठाऊक असलेलें.

प्रॉस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशीं मूत्रमार्गाला कड्याप्रमाणें वेढून बसलेली ग्रंथि आहे. तारुण्यांत ती अक्रोडाएवढी असते, उतारवयांत वाढते. तिच्या पाठीमागें लागूनच मलाशयाची भिंत येते. या शेजारामुळेंच डॉक्टर गुदद्वारांतून बोट घालून ग्रंथि चांचपूं शकतात, आणि याच शेजाराचा उपयोग बायॉप्सीसाठींहि करण्यांत आला. अर्जेंटिनांतील आस्त्राल्दी या शस्त्रवैद्यानें १९३७ सालीं मलाशयांतून सुई घालून ग्रंथीचा नमुना काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या काळीं सुई कोठें जाते हें बोटानेंच ठरवावें लागे. १९८९ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत हॉज व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनिलहरींच्या चित्रावर नजर ठेवून सहा ठराविक जागांतून नमुने घेण्याची पद्धति बसविली. पुढें सहांचे दहा-बारा झाले. सुईची जाडी सुमारें सव्वा मिलिमीटर. ती स्प्रिंगच्या जोरानें खट् आवाज करून पुढें जाते व शेवईच्या तुकड्यासारखा, दीडदोन सेंटिमीटर लांबीचा नमुना घेऊन परत येते. असें दहाबारा वेळां होतें.

म्हणजे प्रत्येक वेळीं मलाशयाची भिंत एकदां भोंसकली जाते, मग ग्रंथि, आणि कधींकधीं मूत्रमार्गाची किंवा मूत्राशयाची कडहि. म्हणूनच रक्त तीन वाटांनीं दिसूं शकतें : शौचावाटे, लघवीवाटे आणि वीर्यांतून. इतक्या छिद्रांनंतर रक्त अजिबात दिसलें नाहीं तर तेंच नवल. बहुतेक छिद्रें रक्तांतील बिंबिका आणि गुठळी बांधणारीं द्रव्यें थोड्या मिनिटांत बुजवून टाकतात. लघवीची वाट मात्र निराळी आहे. लघवींत युरोकायनेज नांवाचें एक द्रव्य असतें आणि तें बांधलेली गुठळी विरघळविण्याचें काम करतें. निसर्गानें हें मूत्रमार्ग मोकळा राहावा म्हणून केलें असावें; पण बायॉप्सीनंतर त्याचा परिणाम असा होतो कीं, एकदां निवळलेली लघवी दोन दिवसांनीं पुन्हां गुलाबी होते आणि घरचे लोक घाबरतात.

येथें घाबरण्याचें कारण बहुधा नसतें. एक लिटर लघवीला डोळ्यांना दिसेल असा रंग येण्यास एक मिलिलिटर रक्त, म्हणजे पंधरावीस थेंब, पुरे होतात. परीक्षा साधी आहे. स्वच्छ कांचेच्या पेल्यांत लघवी घ्यावी आणि पेल्यामागें वर्तमानपत्राचा कागद धरावा. अक्षरें वाचतां येत असतील तर रंग कितीहि भडक वाटला तरी रक्त थोडें आहे. अक्षरें दिसेनाशीं झालीं, लघवी टोमॅटोच्या सारासारखी दाट झाली किंवा तींत गुठळ्या पडूं लागल्या, तर गोष्ट वेगळी. शौचाबरोबर दोनतीन दिवस लाल रेघ दिसणें, कपड्यावर रुपयाएवढा डाग पडणें, वीर्याला कांहीं आठवडे तांबूस किंवा गंजासारखा रंग राहणें, हीं सर्व डागाचीं लक्षणें होत. यांतलें शेवटचें पुरुष कोणाला सांगत नाहींत आणि मनांतल्या मनांत कुढत राहतात. डॉक्टरांनीं तें आधींच सांगून ठेवलें तर बरेंच मनःस्वास्थ्य वांचेल.

डाग सर्रास पडतो, धार विरळा. मलाशयांतून इतकें रक्त जावें कीं तें थांबविण्यासाठीं डॉक्टरांना कांहीं करावें लागावें, असें शंभर रुग्णांत एकाहूनहि कमी वेळां घडतें, आणि रक्त चढविण्याची पाळी त्याहूनहि क्वचित् येते. परंतु ज्याच्या घरीं तें घडतें त्याला शंभरांतल्या उरलेल्या नव्व्याण्णवांचा काय उपयोग? म्हणून धार ओळखतां आली पाहिजे.

मलाशयांतील धार फसवी असते. मलाशय ही पिशवी आहे. रक्त तींत सांचतें, आणि सांचलें कीं रुग्णास शौचाची भावना होते. तो उठून जातो, मलाऐवजीं लाल रक्त व गुठळ्या पडतात, बरें वाटतें, परत येऊन निजतो. अर्ध्यापाऊण तासानें पुन्हां तेंच. दुखत मात्र नाहीं, कारण मलाशयाच्या वरच्या भागास सुईच्या किंवा कापण्याच्या वेदना समजत नाहींत. ‘दुखत नाहीं म्हणजे विशेष कांहीं नसावें’ असा समज रुग्णाचा व घरच्यांचा होतो आणि त्यांत अमूल्य वेळ जातो. रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेस शौचकुपांतच भोंवळ येऊन पडतो. दाराला आंतून कडी असेल तर पुढची कल्पनाच करावी. बायॉप्सीनंतरच्या पहिल्या दोन रात्रीं कडी लावूं नये, ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती छापील कागदावर पहिल्या ओळींत असावयास हवी.

ही धार बहुतेक वेळां पहिल्या कांहीं तासांत किंवा पहिल्या रात्रीं सुरू होते. कांहीं थोड्या रुग्णांत मात्र ती चारआठ दिवसांनीं, अगदीं पंधरवड्यापर्यंतसुद्धां, उद्भवते. जखमेवरची खपली सुटते, त्यांत बद्धकोष्ठ असतें, रुग्ण कुंथतो किंवा वजन उचलतो. म्हणून त्या काळांत शौच मऊ राहील अशी व्यवस्था करावी, इसबगोल घ्यावा, पाण्याची घागर किंवा तांदळाचें पोतें उचलूं नये आणि मोटारसायकलवर खड्ड्यांतून हिंडूं नये. महामार्गाच्या कामामुळें ज्यांनीं कित्येक वर्षें धक्के खाल्ले त्या कोंकणच्या माणसांना यापुढें अधिक सांगण्याची जरुरी नाहीं.

किती रक्त गेलें हें भांड्यांत पाहून कळत नाहीं. पाण्यांत मिसळलेलें रक्त खरें असतें त्याहून पुष्कळ वाटतें, आणि मलाशयांत अडकलेलें दिसतच नाहीं. म्हणून रक्ताकडे पाहण्यापेक्षां माणसाकडे पाहावें. प्रौढ पुरुषाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्यांतलें पाऊण लिटरपर्यंत गेलें तरी निजलेल्या माणसांत फारसा फरक दिसत नाहीं. त्यापुढें नाडी जलद होते, मिनिटास शंभरावर जाते. कपाळाला गार घाम येतो, ओठ फिके पडतात, उठून बसतांच डोळ्यांपुढें अंधारी येते. रक्तदाब घसरतो तो दीड लिटरच्या पुढें, म्हणजे बऱ्याच उशिरां. तेव्हां घरांतल्या यंत्रावर ‘प्रेशर चांगलें आहे’ एवढ्यावर विसंबून राहूं नये. त्यांतहि एक खोंच आहे. हृदयविकारासाठीं मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखीं औषधें घेणाऱ्या वृद्धांची नाडी त्या औषधांमुळें वाढतच नाहीं. अशा रुग्णाची नाडी सत्तर असली तरी फिकटपणा, गार घाम व भोंवळ यांवरूनच ठरवावें. उलट, कित्येकांना बायॉप्सीच्या टेबलावरून उठतांना केवळ भीतीनें किंवा उपाशीपोटीं असल्यानें चक्कर येते. त्यांत नाडी मंद होते आणि आडवें केल्यावर पांचदहा मिनिटांत रंग परततो. रक्तस्रावांत तो परतत नाहीं.

रात्रीं कोलाडहून मुंबईच्या मुलाला फोन येतो, तेव्हां ‘घाबरूं नका’ म्हणण्यापूर्वीं त्यानें चारपांच गोष्टी विचाराव्यात. किती वेळां जावें लागलें? शेवटच्या खेपेस मल होता कीं नुसतें रक्त? गुठळ्या होत्या काय? उठतांना अंधारी आली काय? लघवी शेवटची केव्हां झाली? आज कोणत्या गोळ्या घेतल्या? नुसत्या रक्ताच्या किंवा गुठळ्यांच्या दोन खेपा झाल्या, किंवा एकच झाली पण भोंवळ आली, तर उजाडण्याची वाट पाहावयाची नाहीं. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलावतां येते. ती येईपर्यंत रुग्णास डाव्या कुशीवर निजवावें, पायांखालीं उशी द्यावी, अंगावर पांघरूण घालावें. कांहीं खाऊं देऊं नये, कारण भूल देण्याची वेळ येऊं शकते. दाढी करतांना कापल्यावर तुरटी लावतात, म्हणून तुरटी, हळद, बर्फ किंवा कापसाचा बोळा गुदद्वारांत घालण्याचा मोह कोणास होईल. तो कटाक्षानें टाळावा. जखम आंत बोटभर अंतरावर असते आणि असल्या उपायानें ती अधिक फाटते. रुग्णाबरोबर बायॉप्सीचे कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या, तोंडी यादी नव्हे, प्रत्यक्ष पट्ट्या, पिशवींत घालून द्याव्यात.

आतां जावयाचें कोठें? स्वाभाविक ओढ अशी असते कीं, जेथें बायॉप्सी झाली तेथेंच, म्हणजे मुंबईस, सरळ गाडी हांकावी. ही ओढ समजण्यासारखी असली तरी रुग्ण फिका पडला असेल तर ती घातक आहे. रोह्याचें उपजिल्हा रुग्णालय कोलाडपासून सुमारें १२ किलोमीटरांवर आहे; माणगांवलाहि तसेंच रुग्णालय आहे; जिल्हा रुग्णालय अलिबागेस. या आजाराचा सर्वांत महत्त्वाचा पहिला उपचार असा आहे कीं, त्याला मूत्रशल्यतज्ज्ञ लागत नाहीं आणि मोठें यंत्रहि लागत नाहीं. तो म्हणजे दाब. हातमोजा घातलेल्या बोटानें डॉक्टर मलाशयाच्या पुढच्या भिंतीवर, जेथें सुया गेल्या तेथें, ग्रंथीच्या दिशेनें कांहीं मिनिटें सतत दाबून धरतात. बोटाच्या एका बाजूस ग्रंथि व तिच्या पुढें श्रोणीचें हाड असल्यानें रक्तवाहिनी मध्यें चेपली जाते. पुष्कळशी धार एवढ्यानेंच थांबते.

बोट काढल्यावर पुन्हां सुरू झाली तर फुग्याची नळी कामास येते. या नळीचा इतिहास या प्रसंगाशीं मोठा जुळणारा आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताचे डॉ. फ्रेडरिक फोली यांनीं टोंकाशीं रबरी फुगा असलेली नळी १९३० च्या सुमारास तयार केली आणि १९३७ सालीं तिचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. आज जगांतल्या प्रत्येक रुग्णालयांत ती लघवी काढण्यासाठीं वापरतात. पण फोली यांचा मूळ हेतु प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव फुग्याच्या दाबानें थांबविणें हाच होता. तीच नळी गुदद्वारांतून आंत सरकवून फुग्यांत तीसपन्नास मिलिलिटर पाणी भरतात, हलकेंच बाहेरच्या दिशेनें ताणतात आणि मांडीला चिकटपट्टीनें बांधून ठेवतात. कांहीं डॉक्टर फुग्याऐवजीं जाळीच्या कापडाची लांब पट्टी आंत घट्ट भरतात. दोन्हींचें तत्त्व एकच. फुगा कांहीं तास राहूं देऊन मग हळूहळू सोडतात. साठसत्तर रुपयांपासून मिळणारी ही नळी तालुक्याच्या रुग्णालयांत असतेच. दाब देऊन, दोन्ही हातांच्या शिरांत जाड सुया बसवून, सलाइन सुरू करून मग रुग्णास पुढें पाठविणें आणि तसाच वाहत्या रक्तानिशीं पाठविणें, यांत जीव आणि मृत्यु यांचें अंतर असूं शकतें. रुग्णाबरोबर गेलेल्या सुशिक्षित माणसानें ‘येथें कांहीं होणार नाहीं, तुम्ही फक्त पुढें पाठवा’ असा हट्ट धरूं नये. अशा हट्टापुढें तरुण डॉक्टर नमतात, आणि होऊं शकणारा एकमेव उपचार राहून जातो.

मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीनें मलाशयाच्या आंत पाहून नेमकी वाहती जागा शोधतात. तेथें अॅड्रिनलिनचें इंजेक्शन देतात, धातूची बारीक चाप किंवा रबरी कडें बसवितात, नाहींतर भूल देऊन टांका घालतात. त्यानेंहि भागलें नाहीं तर एक मोठी सुंदर युक्ति उरते. कोलाडच्या माणसांना ती कुंडलिका नदीवरून चटकन् समजेल. भर उन्हाळ्यांतहि कुंडलिकेला सकाळीं पाणी येतें, कारण वरच्या बाजूस भिरा येथें १९२७ सालीं सुरू झालेल्या टाटांच्या वीजघरांतून वापरलेलें पाणी नदींत उतरतें. त्याच्यावरच तेथील तराफ्यांचा खेळ चालतो. तें पाणी थांबवावयाचें तर कोलाडला पात्रांत दगड टाकून उपयोग नाहीं, वरचें दार बंद केलें पाहिजे. येथेंहि तसेंच करतात. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनींतून केंसासारखी बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत श्रोणींतील धमनीपर्यंत नेतात, औषध सोडून कोणती शाखा गळते तें पाहतात आणि नेमकी तीच शाखा सूक्ष्म कणांनीं किंवा तारेच्या वेटोळ्यानें आंतून बुजवितात. पोट उघडावें लागत नाहीं. हें कसब मुंबईसारख्या शहरांतच मिळतें, आणि तेथवर रुग्ण जिवंत व सावध पोंचावा यासाठींच आधींचा सारा दाबाचा खटाटोप.

लघवीच्या वाटेची धार निराळ्या रीतीनें छळते. तेथें रक्त जाण्यापेक्षां अडण्याचें भय अधिक. गुठळ्या मूत्राशयांत सांचून तोंड बंद करतात; ओटीपोट फुगतें, कळ येते, पण थेंब पडत नाहीं. गुलाबी लघवी असतांना भरपूर पाणी पिणें हा चांगला उपाय आहे, अर्थात् हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें पाण्याचें प्रमाण ठरवून दिलें नसेल तर. परंतु लघवी तुंबल्यावर पाणी पाजणें म्हणजे बंद मोरींत बादल्या ओतणें होय. रुग्णालयांत तीन तोंडांची जाड नळी घालून पिचकारीनें गुठळ्या ओढून काढतात आणि मग सलाइननें मूत्राशय सतत धूत राहतात, परत येणारें पाणी निवळेपर्यंत. गुठळी न विरघळूं देणारें ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हें औषध पुष्कळांना माहीत असतें. जपानचे शोसुके व उताको ओकामोतो या दांपत्यानें १९६२ सालीं तें जगापुढें आणलें आणि त्यानें असंख्य प्राण वांचविले. पण लघवींतून रक्त जात असतांना तें विचारपूर्वकच द्यावें लागतें, कारण गुठळ्या घट्ट होऊन वाट अधिकच बंद होऊं शकते. दुकानांतून आणून घरींच गोळी देणें बरें नव्हे.

रक्त चढविण्याचा प्रसंग क्वचित् येतो. तो आल्यास महाराष्ट्रांतल्या माणसानें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९५२ सालीं मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत एका नव्या रक्तगटाची हकीकत प्रसिद्ध केली. तो जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या रक्तकणांवर ए नाहीं, बी नाहीं आणि या दोहोंचा पाया असलेलें एच् हें द्रव्यहि नाहीं. साध्या तपासणींत त्यांचा गट ‘ओ’ असा येतो. पण ओ गटाचें रक्त दिलें तर शरीर त्यावर हल्ला करतें, आणि त्यांना आपल्याच गटाचें रक्त लागतें. भारतांत सुमारें दहा हजारांत एक असें हें प्रमाण, आणि पश्चिम भारतांत त्याची नोंद विशेष. दात्याचें व रुग्णाचें रक्त जुळवून पाहिलें कीं हा दोष उघड होतो; धोका असतो तो घाईंत जुळवणी वगळण्याचा. ज्याचा गट ओ आहे व ज्यास कधीं रक्त चढलेलें नाहीं अशा रुग्णाची ही शंका बायॉप्सीच्या आधींच्या आठवड्यांत फिटवून घेणें मुळींच अवघड नाहीं. रात्रीं तीन वाजतां तो गट शोधणें फार अवघड आहे.

बायॉप्सीच्या आधींचा आठवडा हाच खरोखर सर्वांत मोलाचा. धार लागणाऱ्यांपैकीं अनेक जण रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेणारे असतात. अॅस्पिरिन बिंबिकांना निकामी करतें तें त्यांच्या साऱ्या आयुष्यापुरतें, म्हणजे आठदहा दिवस. तरीहि अल्प मात्रेंतील अॅस्पिरिननें डाग वाढतात, धार फारशी वाढत नाहीं असें दिसून आल्यानें तें पुष्कळदां चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, असिनोकूमरॉल, डाबिगाट्रान यांचा विचार मात्र वेगवेगळा करावा लागतो, कांहीं पांचसात दिवस आधीं तर कांहीं दोनतीन दिवस आधीं बंद ठेवावीं लागतात, आणि तो निर्णय मूत्रशल्यतज्ज्ञ व हृदयतज्ज्ञ यांनीं मिळून घ्यावयाचा असतो. हृदयांत स्टेंट बसविलेल्या गृहस्थानें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी आपणच सोडली, तर रक्तस्राव टळून हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव आहे. धार लागलीच, तर वॉर्फरिनवर उतारा म्हणून व्हिटॅमिन के आणि रक्तांतील गुठळीचे घटक देतां येतात, डाबिगाट्रानलाहि स्वतंत्र उतारा निघाला आहे. पण रुग्ण काय घेतो हें कळल्याशिवाय उतारा कोण देणार? पट्ट्यांची पिशवी म्हणूनच महत्त्वाची. गुडघेदुखीसाठीं घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या ‘औषध’ म्हणून कोणी सांगत नाहीं. त्याहि सांगाव्यात, आणि नियमानें घेतलेले काढे व चूर्णेंहि.

याखेरीज यकृताचा जुना विकार, मूत्रपिंडें निकामी होणें, आणि कोंकणांतल्या पावसाळ्यांत डेंग्यूचा ताप, यांनींहि गुठळी बांधण्याची शक्ति कमी होते. ताप उतरून चारच दिवस झाले असतील तर डॉक्टरांना तें सांगावें. बिंबिका मोजून, लागल्यास बायॉप्सी पुढें ढकलतां येते. दांत काढल्यावर दिवसभर रक्त वाहिलें होतें किंवा घराण्यांत कोणास असा त्रास आहे, ही आठवण निघाली तर तिची तपासणी आधीं व्हावी. मुंबईस परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारांत आय.सी.एम.आर.ची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाच आहे.

वाटहि बदलतां येते. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं सुई मलाशयांतून न घालतां वृषण व गुदद्वार यांमधल्या त्वचेंतून घालतात. मलाशय भोंसकलाच जात नसल्यानें तेथील धारेचा प्रश्न बहुतांशीं मिटतो, आणि मलांतील जंतु रक्तांत शिरण्याचें भयहि कमी होतें. तें भय रक्तस्रावाहून अधिक खरें आहे. बायॉप्सीनंतर थंडी वाजून १०१ अंशांचा ताप आला तर तीहि रात्र घरीं काढावयाची नाहीं. या नव्या वाटेनें लघवींत रक्त येऊं शकतें आणि त्वचेखालीं काळीनिळी गांठ येऊं शकते. ती बाहेरून तळहातानें दाबतां येते, हा तिचा फायदा. शिवाय आधीं एम.आर.आय. करून घेतल्यास कित्येकांना सुईची गरजच उरत नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ नांवाच्या अभ्यासांत, आधीं एम.आर.आय. झालेल्या पुरुषांपैकीं शेंकडा २८ जणांची बायॉप्सी अशी टळली. कोणती वाट धरणार आणि एम.आर.आय. आधीं होणार काय, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. वडिलांना मुंबईत एक रात्र ठेवावें कीं तीन, हाहि प्रश्न त्याच बैठकींत सोडवावा. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल तर तीन.

धार थांबल्यावर रुग्ण दोनतीन दिवसांत बहुधा घरीं येतो. थोडा फिकटपणा राहतो, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बंद केलेलें हृदयाचें औषध पुन्हां केव्हां सुरू करावयाचें, याची तारीख कागदावर लिहून घ्यावी. ती लिहिली नाहीं तर महिना उलटून जातो. आणि या साऱ्या धांवपळींत एक वस्तु हमखास विसरली जाते, ती म्हणजे ज्यासाठीं सुई टोचली तो अहवाल. नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेंत, रुग्ण रोह्याच्या खाटेवर, मुलगा दोहोंच्या मध्यें. आठवड्याभरानें अहवाल तयार होतो, त्याचा निरोप बंद पडलेल्या फोनवर जातो, आणि घरांत ‘रक्त थांबलें ना, सुटलों’ असें म्हणून विषय मिटतो. तो अहवाल आणावयास कोण जाणार, हें बायॉप्सीच्या दिवशींच ठरवून त्याच्याजवळ पावती देऊन ठेवावी.